पडद्यावरचे आलेख आणि वस्तीची गाडी

प्रश्न : आमचं ३० खाटांचं रुग्णालय. नवी संगणकप्रणाली घेतल्यापासून कार्यालयातल्या पडद्यावर रंगीत आलेख झळकतात : केसपेपर किती, खाटा किती भरल्या, जमा किती. रुग्णांच्या तक्रारी मात्र होत्या तशाच. या आकड्यांचा रुग्णाला काही उपयोग होईल का?
– एक मुख्य परिचारिका, राजापूर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेले तिन्ही आकडे रुग्णालयाचे आहेत. रुग्णाचा त्यात एकही नाही.

मी एका रुग्णालयाच्या नोंदी विभागात २२ वर्षं काढली. आमच्याकडे डिस्चार्जची वेळ पडायची सकाळी ११, म्हणजे राउंडला डॉक्टरांची सही झाली ती वेळ. कागद चोख. एका संध्याकाळी घरी निघालो तर पायरीवर एक आजी, मांडीवर औषधांची पिशवी. म्हणाल्या, "वस्तीची गाडी गेली रे झिला, आता सकाळपर्यंत हंयच." गावात रात्री मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी चुकली होती. माझ्या वहीत त्या ११ वाजताच घरी गेल्या होत्या!

दुसऱ्या दिवसापासून चार वेळा टिपायला लागलो : सही, बिल, औषधं, फाटकाबाहेर. पंधरवड्यात घोळ सापडला. वॉर्डातल्या फायली मावशी एकदाच, जेवणं उरकल्यावर, खाली न्यायच्या. एक फेरी साडेअकराला वाढवली. खर्च शून्य. तुमच्या प्रणालीत या वेळा बहुधा आपोआप पडत असतील. त्या पडद्यावर मागून घ्या.

सरासरीवर मात्र भाळू नका. पाच जण थांबले १०, १५, १५, २० आणि १८० मिनिटं. सरासरी ४८, आणि ४८ मिनिटं त्यातलं कुणीच थांबलेलं नाही. मधला आकडा १५ बघा, आणि १८० मिनिटं ज्याची गेली त्याचा केसपेपर हातात घेऊन कारण शोधा. हे काम पडदा करत नाही.

पत्त्यात गावासोबत वाडीही लिहून घ्या, आणि एकाच पद्धतीने; नाहीतर एका वाडीची संगणकात चार नावं होतात. भातलावणीच्या दिवसांत एकाच वाडीतून तापाचे तीन-चार रुग्ण आले, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका घेऊन आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवता येतं. महिनाअखेरच्या बेरजेत ते दिसेपर्यंत लावणी संपलेली असते.

कार्यालयात कुणी "नर्सला आकडे कशाला?" म्हणालं, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव घ्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने १८५८ मध्ये आलेख काढूनच दाखवलं.

पडद्यावर रुग्णांची नावं आणि आजार झळकत असतील तर आधी ते काढायला लावा. कार्यालयात येणारा-जाणारा निम्मा गाव ओळखीचा असतो.

आणि डिस्चार्जच्या फायलीवर त्या गावच्या शेवटच्या एसटीची वेळ पेन्सिलने लिहीत जा. बिलाच्या खिडकीवरच्या माणसाला ती दिसली की त्याचा हात जरा लवकर चालतो.