वडिलांची फियाट: दुरुस्त करून उभी करावी, सुटी करावी की आहे तशी द्यावी?

ठाण्याच्या चरईतील एका वाचकांच्या पत्राचा सारांश असा: "आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला असून दहा आठवड्यांत जागा रिकामी करून द्यायची आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट १९९३ पासून ताडपत्रीखाली उभी आहे. वडील २०११ मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. आरसी बुक ट्रंकेत सापडले. वागळे इस्टेटमधील गॅरेजवाल्याने पूर्ण कामाचे साडेसहा लाख सांगितले आहेत. वाशीचे एक गृहस्थ आहे त्या स्थितीत दीड लाख देतात. कुर्ल्याच्या एका दुकानदाराच्या मते भाग सुटे करून विकल्यास दोन लाख दहा हजार येतील. आईला पुनर्विकासात आठ लाखांचा कॉर्पस (बिल्डरकडून एकरकमी रक्कम) मिळणार आहे, त्यातून गाडी करून घ्यावी असे मनात आहे. आम्हा दोघांचे मिळून उत्पन्न महिना १ लाख ६० हजार, घोडबंदर रोडच्या फ्लॅटच्या हप्त्यासह खर्च ९५ हजार, अडीअडचणीची ठेव ३ लाख ८० हजार. मुलगी अकरावीत आहे, तिला इंजिनिअरिंगला जायचे आहे. बहीण पुण्यात असते."

आपण तीन आकडे शेजारी शेजारी मांडले आहेत, पण ते एका जातीचे नाहीत. दीड लाख ही हातात पडणारी रक्कम आहे, दोन लाख दहा हजार ही कागदावरची बेरीज आहे आणि साडेसहा लाख हा निव्वळ खर्च आहे, ज्याच्या बदल्यात पुढे काय मिळेल याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. माझे मत आधीच सांगतो: गाडी सुटी करू नये, आईच्या कॉर्पसमधून ती उभी करू नये, आणि वाशीच्या गृहस्थांना होकार किंवा नकार देण्यापूर्वी कागद आणि पत्रा या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

सुटे भाग विकण्याचा हिशेब आधी पाहू, कारण तोच सर्वांत फसवा आहे. दुकानदाराने दिलेल्या यादीतला प्रत्येक भाग त्या भावाने विकला गेला, तरच दोन लाख दहा हजार होतात. त्यातला एक तृतीयांश माल पडून राहील असे धरले तर ७० हजार गेले, गाडी नीट खोलून भागांना चिठ्ठ्या लावण्याची मजुरी २५ हजार धरा, आणि दहा आठवड्यांनी शेड जाणार असल्यामुळे माल ठेवायला महिना सहा हजारांचा गाळा दहा महिने घ्यावा लागला तर आणखी ६० हजार. हाती राहतात ५५ हजार, शिवाय सांगाड्याचे किलोवर येतील तेवढे. शनिवार-रविवार गिऱ्हाइकांचे फोन घेण्यात जातील, त्याची मजुरी मी धरलेली नाही.

मालाच्या बाजूनेही एक अडचण आहे. डिलाइटचे १०८९ सीसीचे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीतही चालू राहिले आणि पद्मिनी २००० सालापर्यंत बनत होती. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या एकेक करून भंगारात गेल्या, त्यांतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल हे आपल्याला जड वाटणारे भाग बाजारात दुर्मिळ नाहीत. गिऱ्हाईक शोधत येते ते समोरची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा आणि डॅशबोर्डवरचे मूळ मीटर यांसाठी. म्हणजे पहिल्या महिन्यात हे चार-पाच जिन्नस उचलले जातील आणि बाकीचे लोखंड आपल्या गळ्यात राहील.

या गाडीची खरी किंमत आरसी बुक, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर हे तिन्ही एकमेकांशी जुळण्यात आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची आणि चेसिस, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार आणि फेरनोंदणीचे ५ हजार आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आपल्या गाडीने ५० वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. वाशीचे गृहस्थ पैसे देत आहेत ते या जुळणीचे. गाडी सुटी केली की ती संपते. कायद्यानुसार कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी परत करावे लागते. भागांसोबत "आरसी पण द्या" असे कोणी म्हटले तर तिथेच थांबावे, कारण मेलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावले जातात आणि पोलीस शेवटी कागदावरच्या नावाचे दार ठोठावतात.

विंटेज नोंदणीला मात्र एक अट आहे, जी गॅरेजवाला सहसा सांगत नाही. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. आईला दर रविवारी तलावपाळीला फिरवून आणायचे असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते करायचे असेल तर तपासणी करून साधी नोंदणीच पुन्हा चालू करावी लागेल, थकीत कर भरावे लागतील आणि विमा तर हवाच. थकबाकी किती, हे एजंटच्या तोंडी अंदाजावर न सोडता आरटीओतून लेखी काढून घ्यावे.

आता मालकी. वडिलांचे मृत्युपत्र नसल्यामुळे, इतर कोणी वारस नसेल तर, गाडीत आई, बहीण आणि आपण असे तिघांचे समान हिस्से आहेत. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो आणि सोबत इतर वारसांची संमती लागते. हे काम आपण २०११ मध्येच करायला हवे होते, पण आता तरी ते कोणत्याही सौद्याच्या आधी व्हावे. बहिणीला फोनवर सांगून भागणार नाही, तिची सही घ्यावी. गाडी घरच्या वापराची असल्यामुळे ती विकून आलेल्या पैशांवर सामान्यतः भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र एक उभी करून विकली आणि त्या उत्साहात दुसरी घेतली, तर तो धंदा धरला जाऊ शकतो.

पत्र्याचा प्रश्न पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. या फियाटला वेगळी चौकट नाही, बॉडी हीच चौकट, त्यामुळे खालचा पत्रा सडला असेल तर तो रंगाखाली झाकण्याचा विषय राहत नाही. खाडीच्या दमट हवेत गाडी तीस वर्षांहून अधिक काळ उभी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचे रबरी मॅट उचलून पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोका: टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज येऊन तांबडा भुगा पडला तर टोक दाबून पाहा. तेच दारांखालच्या पट्टीला आणि डिकीच्या तळाला करावे. गॅरेजवाल्याला मात्र ही तपासणी देऊ नये, ज्याला काम मिळणार आहे त्याच्याकडून नव्हे तर दुसऱ्या एखाद्या जुन्या टिंकरला (पत्र्याचे काम करणाऱ्याला) पाच-सात हजार देऊन ती करून घ्यावी. आपल्या साडेसहा लाखांच्या अंदाजपत्रकात "डेंटिंग-पेंटिंग" अशी एकच ओळ आहे. वेल्डिंगचा पत्रा किती आणि लांबी (पुट्टी) भरून किती, हे त्यात नाही. अशी अंदाजपत्रके गाडी खोलल्यावर वाढतात, म्हणून मी साडेसहाऐवजी पावणेदहा लाख धरूनच विचार करीन.

आणि ते पैसे कुठून येणार? कॉर्पस आपला नाही, आईचा आहे. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर आणि पहारेकरी यांच्यामुळे मासिक देखभाल खर्च आजच्या चार मजली इमारतीपेक्षा बराच वाढतो, आणि कॉर्पसचा मूळ उद्देश त्या वाढीव खर्चाची सोय हाच असतो. आठ लाखांवर ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला ५६ हजार, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांहून थोडे अधिक. आईचा हा आधार मोडून गाडी रंगवणे मला पटत नाही. कर्ज काढायचे म्हटले तर साडेसहा लाखांवर १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १४ हजार ४६० रुपये बसतो आणि व्याजच २ लाख १७ हजारांच्या पुढे जाते. हौसेला मोल नसते म्हणतात, पण हप्ता असतो, आणि तो नेमका मुलीच्या फीच्या वर्षांत येणार. तशात आपल्या खर्चाच्या हिशेबाने सहा महिन्यांची राखीव रक्कम ५ लाख ७० हजार हवी, ती आजच १ लाख ९० हजारांनी कमी आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पत्रा सडलेला निघाला तर कागद आईच्या किंवा आपल्या नावावर करून गाडी अखंड विकावी. भावासाठी वाशीच्या एकाच गृहस्थांवर न थांबता व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांत चौकशी करावी, आणि पैसे बँकेतूनच घ्यावेत. पत्रा टणक निघाला तर घाई नाही. आपल्या सासुरवाडीला मुरबाडला बंद पडवी असल्याचे आपण लिहिले आहे. फ्लॅटबेड ट्रकवरून गाडी तिथे न्यावी, विटांच्या थप्प्यांवर चढवावी आणि टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. रंग, क्रोम, गाद्या यांना आता हात लावू नये. राखीव रक्कम पूर्ण झाल्यावर बोनसमधून, वर्षाला ७५ हजारांच्या वर न जाता, आधी ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग एवढेच करावे. इंजिन जाम निघाले तरी दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवून घेऊ नये, ते स्वस्त पडते पण विंटेजची नोंदणी त्याने हातची जाते. मुलीचे तिसरे वर्ष सुरू होईल तेव्हा आपण आणि बहीण पुन्हा बसून ठरवावे; तोवर वाशीचा भाव कमी झालेला असेल असे मला वाटत नाही, पण झाला तरी आपले नुकसान दीड लाखांपुरतेच आहे.

शेडची किल्ली सोसायटीला देण्याआधी एक काम स्वतः करावे. बोनेट उघडून चेसिस नंबर ठोकलेली जागा रॉकेलच्या फडक्याने पुसावी, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी, तसाच ठसा इंजिन नंबरचा घ्यावा, आणि दोन्ही आरसी बुकाशी एकेक अंक ताडून पाहावेत. त्यात एक अंक जरी चुकला, तर वाशीच्या गृहस्थांना फोन करण्याआधी मला कळवावे.