खिडकीसमोरचा हायवे

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा फ्लॅट कणकवलीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पुढच्या बेडरूमची खिडकी नेमकी उड्डाणपुलाच्या लेव्हलला येते. रात्री ट्रक, लक्झरी बस चालूच. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, त्यांना बीपी आहे, पण म्हणतात "सवय होतली गो". नवरा म्हणतो जाड पडदे लावूया. डबल काचेचं कोटेशन ऐकून तर मी गप्पच बसले. काय करू?

उत्तर: सासूबाईंचं अर्धंच खरं आहे हो. आपल्याला जाग येत नाही म्हणजे सवय झाली असं वाटतं, पण झोपेतसुद्धा कान चालूच असतात, ट्रक गेला की नाडी थोडी वाढते, झोप उथळ होते आणि हे रात्रभर चालतं. वर्षानुवर्षं असं झालं की बीपी आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून बीपीवाल्या माणसाला त्या खोलीत झोपवू नका, आजच त्यांची कॉट मागच्या खोलीत हलवा. फुकटचा उपाय आहे आणि माझ्या मते सगळ्यात भारी.

आपल्याकडे नियमाने रहिवासी भागात रात्री दहा ते सहा बाहेरचा आवाज 45 डेसिबलच्या आत हवा, दिवसा 55. हायवेलगत हे कागदावरच राहतं. आणि डेसिबलचं गणित विचित्र असतं, गाड्या निम्म्या झाल्या तरी आवाज फक्त 3 डेसिबलने उतरतो, त्यामुळे रात्री ट्रॅफिक कमी असतं या भरवशावर राहू नका, शांततेत एकच हॉर्न पुरतो.

पडद्यावर पैसे घालू नका, खोलीतला घुमणारा आवाज जरा कमी होईल, बाहेरचा येतच राहणार. झाडांच्या एका रांगेचंही तेच. खरा चोर असते ती तीन ट्रॅकची स्लायडिंग, जाळीवाली, तिच्या फटीतून आवाज आत येतो. त्याऐवजी रबर गास्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी) असलेली, पल्ल्यांची, घट्ट बसणारी खिडकी करून घ्या. बजेट असेल तर आहे त्या खिडकीच्या आत चारेक इंच अंतर सोडून दुसरी खिडकी बसवा, दोन पातळ काचा चिकटून असलेल्या डबल ग्लासपेक्षा हे बरं पडतं कारण मधली हवेची जागा जास्त मिळते.

पण मे महिन्यात कोकणात खिडकी बंद करून झोपणार कोण? म्हणून मागची खिडकी उघडी आणि एक्झॉस्टही मागच्याच बाजूला. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज अजून वाढतो, तेव्हा पुढची नक्की बंद.

राहता राहिले प्रेशर हॉर्न. मल्टिटोन, म्हणजे एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मोटार वाहन नियमातच बंदी आहे आणि रहिवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाही मनाई आहे, फक्त आणीबाणीत सूट. सोसायटीने मिळून पोलिसांत लेखी अर्ज द्या, वेळा लिहून. एकट्या माणसाच्या फोनपेक्षा पाच-सहा सह्यांचा कागद जरा तरी हलतो.