आमचा कुत्रा शेपटी हलवतो आणि तरीही माझ्या पुतण्यावर गुरगुरतो. गुरगुरण्याची ही सवय कशी मोडावी?

मोडू नका. दहा जण तुम्हाला उलटं सांगतील, म्हणून आधीच लिहिते.

आमच्या थोरल्या दिरांना कुत्र्यांतलं कळतं अशी घरात ख्याती आहे, कारण लहानपणी त्यांच्याकडे कुत्रा होता. ते आले की टेबलाखाली पडलेल्या आमच्या चिंगीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्यावर वाकायचे. ती मान फिरवायची, जीभ ओठांवरून फिरवायची, झोप नसताना जांभई द्यायची, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायचं. भाऊजी म्हणायचे, "बघा, लाजते!" मग तिचं अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, शेपटी उभी आणि नुसतं टोक थरथरतंय. "शेपूट हलवतेय, म्हणजे खूश आहे." भाऊजी, सोडा तिला, हे मी दर खेपेला म्हणायचे. शेवटी ती गुरगुरली की नाकावर वर्तमानपत्राची सुरळी. "डोक्यावर बसवू नका, घरात वरचढ कोण ते कळू दे तिला."

गुरगुरणं थांबलं. सगळ्या नातेवाइकांत त्याचं कौतुक झालं. मग एकदा ते असेच वाकले आणि तिने थेट हात धरला. अजूनही घरात "कारण नसताना चावली" असंच सांगतात.

वरचढपणाची ही कल्पना बंदिस्त लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये त्यांच्यावर लिहिलं होतं. ती आपल्या पुस्तकातून पसरवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे वरचढपणासाठी भांडणारी टोळी नव्हे, बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तो लेख मी भाऊजींना पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही.

तुमच्या शेपटीचं म्हणाल तर शेपटी हलणं म्हणजे फक्त कुत्रा चाळवलाय, आनंदानेच असं नाही. इटलीतल्या संशोधकांना 2007 मध्ये दिसलं, की मालक दिसला की ती उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. घरी ते मोजत बसू नका, अंग बघा. कंबरेपासून सगळं सैल हलतंय तर ठीक; अंग ताठ आणि शेपटी वर, तर पुतण्याला शांतपणे बाजूला घ्या. तो मिठी मारतो का, खाताना-झोपताना जवळ जातो का, तेही पाहा. तसं असेल तर सवय पुतण्याची मोडायची आहे.

हो, आधी कधीच गुरगुरत नसेल आणि अचानक सुरू झालं असेल, तर पशुवैद्याकडे न्या. दात, कान, सांधे, काहीही दुखत असेल. पोर लहान असेल तर दोघांना एकटं सोडू नका. चावलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठा, घरचा कुत्रा आहे म्हणून टाळू नका. भाऊजींना त्या रात्री इंजेक्शनला मीच नेलं होतं. गाडीत पूर्ण वेळ ते मला कुत्र्यांचा स्वभाव समजावून सांगत होते.