एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला तळाचा संघ पुन्हा उभा करायचा तर ऑफ सीझनमध्ये पहिला पैसा कुठे घालावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संघ 4-13 वर (4 विजय, 13 पराभव) संपला, कॅपमध्ये म्हणजे लीगने ठरवलेल्या पगारमर्यादेत भरपूर जागा आहे, ड्राफ्टमध्ये म्हणजे कॉलेजचे नवे खेळाडू निवडायच्या रांगेत पहिल्या दहात नंबर आहे. मार्चमध्ये एखादा नावाजलेला रिसीव्हर (पास झेलणारा) आणि पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) घेऊन दोन वर्षांत प्लेऑफ गाठता येईल का, की आधी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या, मागे लागावं?

रिसीव्हर घेऊ नका. कॅप शिल्लक आहे म्हणून ती संपवलीच पाहिजे असं कुठे आहे? उरलेली पुढच्या वर्षात ओढता येते. हरलेल्या संघाला फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात, मोठं नाव हवं असेल तर बाजारभावापेक्षा जास्तच मोजावं लागतं, आणि तो माणूस तिशीला टेकेपर्यंत तुमचा संघ जिंकायच्या लायकीचा झालेला नसतो.

मी डेट्रॉईटजवळ, नोव्हायला राहतो. नोकरीसाठी इथे आलो आणि 2008 चा डेट्रॉईट लायन्सचा 0-16 सीझन पूर्ण पाहिला, एकही सामना न सोडता. त्याआधी माझ्यासाठी फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ. बाहेरून तयार खेळाडू आणला की सीझन मारला, ही समजूत तिथेही ऐकलेली होती, त्यामुळे इथे ती ऐकून नवल वाटलं नाही. पण तुम्ही विचारलंय नेमकं तेच आमच्या घरात 2021 पासून धुमसतंय, म्हणून एवढं लांब लिहितोय.

त्या वर्षी जानेवारीत ब्रॅड होम्स लायन्सचे जीएम (खेळाडू निवडणारे प्रमुख) झाले, डॅन कॅम्पबेल कोच झाले आणि महिनाअखेरीला आमचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड याचा ट्रेड (अदलाबदल) ठरला. स्टॅफर्डने स्वतःच बदल मागितला होता. बदल्यात लॉस एंजेलिस रॅम्सकडून त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, 2021 चा तिसऱ्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) आणि 2022 व 2023 चे पहिल्या फेरीचे पिक आले. शिवाय स्टॅफर्डच्या जुन्या कराराचे सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलर डेड मनी म्हणून आमच्याच कॅपवर बसले. गाडी विकून टाकली तरी कर्जाचे हप्ते आपणच भरायचे, तसं. त्यात कोविडमुळे त्या वर्षी कॅपच 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर उतरली होती. मार्चमध्ये ट्रुफांट, कोलमन, जेसी जेम्स असे पगारदार लोक सोडले. आणि आमचा नंबर एकचा रिसीव्हर केनी गॉलडे याला टॅगसुद्धा (एक वर्ष अडवून ठेवायचा हक्क) न लावता जाऊ दिलं. त्याला जायंट्सनी 4 वर्षांचे 7 कोटी 20 लाख डॉलर देऊ केले.

माझी ताई आणि दाजी शिकागोजवळ नेपरव्हिलला असतात. दाजी पक्के शिकागो बेअर्सवाले. 2021 च्या थँक्सगिव्हिंगला ते आमच्याकडे आले. लायन्स तेव्हा 0-9-1 (शेवटचा आकडा बरोबरीचा) होते आणि सामना नेमका बेअर्सशीच. ताईने टर्कीचा पांढरा रस्सा केला होता आणि तो अप्रतिम झाला होता. पण दाजींनी ताटावर बसल्या बसल्या विषय काढला.

"अरे, स्टॅफर्ड विकला, गॉलडे सोडला, आणि पहिल्या पिकात काय घेतलंत तर एक टॅकल. लाईनमन बघायला कोण तिकीट काढतं?"

टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाईनमधला एक. हा होता पेनेई सुएल. सातव्या नंबरवर घेतला, तेव्हा जेमतेम 20 वर्षांचा होता आणि आधीचा कॉलेज सीझन कोविडमुळे खेळलाच नव्हता. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही क्वार्टरबॅक फील्ड्ससाठी ड्राफ्टमध्ये वर चढताना पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक जायंट्सना देऊन बसलात. त्याच्यापुढे उभं कोण राहणार ते सांगा." त्यांचं म्हणणं, क्वार्टरबॅक हुशार असला तर लाईन आपोआप चांगली दिसते. माझं म्हणणं, हुशार पोराला मार खायला उभं केलं की दोन वर्षांत तो हुशार राहत नाही. आवाज चढले. ताईने मध्ये पडून आम्हा दोघांना वाढायला लावलं.

दिवसाचा शेवट तर फार वाईट झाला. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही 14-13 ने पुढे होतो. बेअर्सनी साडेआठ मिनिटं चेंडू आमच्याकडे येऊच दिला नाही. त्यांच्या त्या एकाच ड्राइव्हमध्ये आमच्या कोचने लागोपाठ दोन टाइमआउट मागून पेनल्टीसुद्धा ओढवून घेतली. शेवटच्या क्षणाला सँटोसची किक, 16-14. आम्ही 0-10-1. दाजी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "संघ असा उभा राहत नसतो. लोकांना आशा दाखवायला एक तरी मोठं नाव लागतं." माझी मुलगी तेव्हा लहान होती, सुएलची जर्सी घालून बसली होती, ती रडायला लागली. दाजींचा त्यात वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही. दहा दिवसांनी व्हायकिंग्जविरुद्ध अगदी शेवटच्या प्लेला गॉफने अमॉन-रा सेंट ब्राऊनला टचडाऊन दिला आणि सीझनमधला पहिला विजय मिळाला, तेव्हा मी त्यांना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

आता तुमच्या रिसीव्हरकडे येतो. गॉलडेने जायंट्ससाठी दोन सीझनमध्ये मिळून एक टचडाऊन केला आणि 2023 च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. तो गेल्याबद्दल लीगने आम्हाला 2022 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीचा कॉम्पेन्सेटरी (भरपाईचा) पिक दिला, 97 वा. त्यावर आला बचावफळीतला सेफ्टी कर्बी जोसेफ. 2024 मध्ये 9 इंटरसेप्शन घेऊन (समोरच्यांचे पास हिसकावून) तो लीगमध्ये पहिला आला. आणि रिसीव्हरची जागा कोणी भरली? सेंट ब्राऊनने, जो चौथ्या फेरीत 112 वा आला होता. त्याच्याआधी निवडलेल्या 16 रिसीव्हरांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. तेव्हा मार्चमधलं मोठं नाव मला सांगू नका. मार्चमध्ये कालिफ रेमंडसारखे लोक घ्यायचे, ज्यांच्यासाठी भांडण होत नाही आणि जे वर्षानुवर्षं टिकतात. किंवा जमाल विल्यम्ससारखे. त्याने 2022 मध्ये 17 रशिंग टचडाऊन करून बॅरी सँडर्सचा संघातला विक्रम मोडला. अशा माणसांमुळे ड्रेसिंग रूममध्ये पोरांना रोज कसं वागायचं ते कळतं, आणि करार छोटा असल्यामुळे जमलं नाही तर कॅपवर ओझं राहत नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. 2022 ची सुरुवात 1-6. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला टीजे हॉकेन्सनलाही व्हायकिंग्जकडे पाठवला. माझ्या ऑफिसात लोक म्हणाले, आता सगळं विकायला काढलंय. सीझन संपला 9-8 वर, ग्रीन बेमध्ये जाऊन पॅकर्सना हरवून. 2023 च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सकडून आलेला सहावा नंबर होता. होम्स तिथून खाली 12 वर उतरले, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) गिब्जला घेतलं आणि वर 34 वा पिक मिळवला, त्यावर लापोर्टा. रनिंग बॅक 12 वर आणि लाईनबॅकर 18 वर घेतला म्हणून टीव्हीवरच्या पंडितांनी जी टीका केली ती मी ऐकली आहे. गिब्जने 2024 मध्ये एकूण 20 टचडाऊन केले.

14 जानेवारी 2024 ला स्टॅफर्ड रॅम्सचा क्वार्टरबॅक म्हणून फोर्ड फील्डवर प्लेऑफ खेळायला आला. आम्ही 24-23 ने जिंकलो. 1991 च्या सीझननंतरचा लायन्सचा हा पहिला प्लेऑफ विजय. अख्खं स्टेडियम गॉफच्या नावाचा गजर करत होतं, मीही करत होतो, घसा बसेपर्यंत. स्टॅफर्डला रॅम्सबरोबर सुपर बोल मिळाला होता, तो त्याला मिळायलाच हवा होता. म्हणून तो ट्रेड कोणी जिंकला असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: दोघांनी. पण दाजींना हे मान्य नाही. ते म्हणतात, रॅम्सकडे सुपर बोलची अंगठी आहे, तुमच्याकडे काय आहे? माझ्याकडे 2021 च्या त्या रोस्टरमधून 2024 मध्ये 15-2 झालेला संघ आहे, हे उत्तर त्यांना पुरत नाही.

तर मग पैसे घालायचे कुठे? पहिल्या ऑफ सीझनला जुन्या चुकांचे पैसे एकदाच भरून टाका. जे करार पुढे नडणार आहेत ते आत्ताच तोडा, डेड मनी याच वर्षी घ्या. तुम्ही तसेही हरणार आहात, मग हरायच्या वर्षातच कडू औषध पिऊन घ्या. काही करार 1 जूननंतर तोडले तर बोजा दोन वर्षांत विभागला जातो, पण तळाच्या संघाने तो मोह टाळावा, कारण दुसऱ्या वर्षी तुम्हाला हात मोकळे हवेत. पहिल्या दहातला पिक टॅकलवर किंवा डिफेन्सिव्ह एंडवर (कडेने येणाऱ्या पास रशरवर) घाला. 2011 नंतर रूकी (ड्राफ्टमधून आलेल्या नव्या खेळाडूंचे) पगार बांधलेले आहेत, त्यामुळे या दोन जागांवर मोठी बचत होते. बाजारात हे लोक फार महाग मिळतात. आम्ही 2022 मध्ये दुसऱ्या नंबरवर हचिन्सन घेतला, मिशिगनचाच पोरगा, आणि पास रशरसाठी बाजारात मोठा करार करावा लागला नाही.

क्वार्टरबॅकचं म्हणाल, तर ड्राफ्टमध्ये खात्रीचा नसेल तर जबरदस्तीने घेऊ नका. कुणाला नकोसा झालेला, तिशीच्या आतला, प्लेऑफचा अनुभव असलेला माणूस शोधा आणि त्याच्यापुढे पाच जण धड उभे करा. गॉफ तसाच आला होता. त्याला 2024 मध्ये 4 वर्षांचे 21 कोटी 20 लाख डॉलर मिळाले आणि ते त्याने कमावलेत.

दोन वर्षांत प्लेऑफ? आम्हाला तिसऱ्या वर्षी मिळाला. आमच्या संघाच्या मालकिणीने 3-13-1 नंतर आणि 1-6 नंतरही कोच बदलला नाही, हे तुमच्याकडे होणार असेल तरच पुढचं सगळं खरं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. आमची लाईन होम्सनी शून्यातून उभी केली नव्हती. डेकर 2016 चा, रॅगनाऊ 2018 चा, दोघेही पहिल्या फेरीचे आणि आधीच्या लोकांनी निवडलेले. तुमच्याकडे असे दोन नसतील तर एक वर्ष जास्त धरा. आणि स्टॅफर्डसारखा विकण्याजोगा माणूस प्रत्येक तळाच्या संघाकडे नसतो. शिवाय रचलेलं टिकतंच असं नाही: 2025 च्या जूनमध्ये रॅगनाऊ निवृत्त झाला, लाईनमधलाच झाइटलर आधीच टेनेसीला गेला होता, आणि तो सीझन आम्ही 9-8 वर संपवून प्लेऑफबाहेर राहिलो. लाईनच्या मधली दोन माणसं गेली की काय होतं ते सगळ्या लीगने पाहिलं.

त्याच सीझनला बेअर्स 11-6 ने डिव्हिजन जिंकले. दाजींचा मेसेज अर्थातच आला: "केलेब विल्यम्स. मोठं नाव." मी त्यांना लिहिलं की 2024 मध्ये तुमचा हाच क्वार्टरबॅक केलेब 68 वेळा सॅक झाला होता (पास फेकण्याआधीच पाडला गेला होता) आणि तुम्ही 5-12 होतात. त्यानंतर तुम्ही आमचाच बेन जॉन्सन कोच म्हणून नेला आणि मार्चमध्ये काय विकत घेतलंत? कॅन्सस सिटीकडून थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, जो मुळात लायन्सचाच, आणि अटलांटाचा सेंटर डॅलमन. तिघेही लाईनमन. ताई सांगते की दाजींनी मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला.

तुमच्या प्रश्नात क्वार्टरबॅक, रिसीव्हर, पास रशर सगळे आहेत, लाईनमधल्या एकाचाही उल्लेख नाही. तुमचे पाच जण कोण, वय काय, करार किती वर्षांचे उरलेत ते खाली लिहा. त्यावरून पहिल्या दहातल्या तुमच्या नंबरला काय करायचं ते नीट सांगता येईल.