वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर सापडला आहे. खानदेशात त्यावर अजून काही लागतं का, की भंगारात देऊ?

भंगारात देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की घरातले म्हणतात, "आता सगळे सामने मोबाइलवर दिसतात, मग ऐकायचा डबा ठेवून करायचं काय?" मोबाइल आता आला, पण हा मुद्दा मी पन्नास वर्षं ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आमचं गाव रावेर तालुक्यात, निंभोऱ्याजवळ. केळीचा मुलूख. तेव्हा केळी रेल्वेच्या वॅगनींतून दिल्लीला जायची आणि दिल्लीहून आमच्याकडे यायचा तो फक्त आवाज. घर एकत्र होतं, कारभार थोरल्या काकांकडे. माझे वडील, म्हणजे आबा, दोन नंबरचे. त्यांनी स्वतःच्या पैशांनी एकच चैनीची वस्तू घेतली, ती म्हणजे चामडी कव्हरचा ट्रान्झिस्टर. त्याचं लायसन्स दरवर्षी पोस्टात जाऊन भरायचे आणि ते पुस्तक सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवायचे.

जळगावचं आकाशवाणी केंद्र तेव्हा नव्हतं, ते १९७६ साली आलं. त्याआधी आमच्या पट्ट्यात सगळ्यात स्वच्छ लागायचं ते इंदूर. सातपुडा ओलांडून आवाज यायचा, पण शेजारच्या ओट्यावर कुणी बोलतंय असा. मुंबई रात्री बरी लागे, दिवसा खरखर. आमच्या पिढीच्या कानाला हिंदी समालोचन जवळचं वाटतं याचं कारण हेच आहे.

१५ मार्च १९७५, शनिवार. क्वालालंपूरला हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. मी अकरा वर्षांचा. आबा केळीला बारे (पाणी) देत होते आणि ट्रान्झिस्टर बांधावरच्या निंबाला टांगलेला. समालोचन जसदेव सिंग यांचं. ज्यांनी त्यांना ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. चेंडू मधल्या रेषेजवळ असेल तर आवाज चालत असायचा, डी, म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ, जवळ आली की आवाजच पळायला लागायचा. चेंडू कुठे आहे ते शब्द कळायच्या आधी आवाजाच्या वेगावरून कळायचं.

अडचण एकच, विहिरीवरची मोटर. मोटर चालू असली की मध्यम लहरीवर (मीडियम वेव्हवर) नुसती घरघर. पूर्वार्धात पाकिस्तानने गोल केला तोही आम्हाला घरघरीतून अर्धाच कळला. मध्यंतर झालं. आबा उठले, विहिरीवर गेले आणि मोटर बंद केली. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, बघतच राहिला. चालू मोटर बंद करताना त्याने आबांना कधी पाहिलेलं नव्हतं.

पुढची पस्तीस मिनिटं मळ्यात दुसरा आवाज नव्हता. पेनल्टी कॉर्नरवर सुरजित सिंगचा गोल, बरोबरी. मग अशोक कुमारचा. तो गोल वादाचा ठरला. चेंडू गोलखांबाला लागून उलटा बाहेर आला, पाकिस्तानचे खेळाडू म्हणू लागले की आत गेलाच नाही, पण पंचांनी गोल दिला. अशोक कुमार म्हणजे ध्यानचंदांचा मुलगा, हे आबांनी मला त्या निंबाखाली सांगितलं. २-१. सामना संपला तेव्हा आबांचे डोळे ओले होते आणि सालदाराने फावडं हवेत उडवलं.

मोटर पुन्हा चालू करायला गेलो तर लाइन गेलेली. रात्रीपर्यंत आली नाही. अर्धी केळी कोरडी राहिली.

संध्याकाळी काका मळ्यात आले. सालदारासमोर आणि माझ्यासमोर आबांना म्हणाले, "आयकून गोल दिसतो का रे भो? तुले दिसला का तो गोल? नाही ना? मग पानी कशापायी तोडलं?" आबा काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी ट्रान्झिस्टर मळ्यात नेला नाही. घरात, माजघरात, कमी आवाजात ऐकायचे. माझ्या वडिलांना अपराध्यासारखा रेडिओ ऐकताना मी कितीतरी वर्षं पाहिलंय.

काकांना जे उत्तर तेव्हा मला देता आलं नाही ते आज देतो. ज्यांना तो गोल डोळ्यांनी दिसत होता, चार हातांवरून, ते खेळाडूसुद्धा मैदानावर भांडत होते की झाला की नाही. पाहिल्याने वाद मिटतो असं कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट. आमच्या शाळेत खो-खो, कबड्डी आणि लेझीम. हॉकीची काठी कुणी पाहिलेली नव्हती. त्या सामन्यानंतर आम्ही पोरांनी बाभळीच्या वाकड्या काठ्या तोडल्या, चिंध्यांचा चेंडू बांधला आणि खळ्यात चुन्याने डी आखली. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेलो तेव्हा पहिल्यांदा खरं हॉकीचं मैदान पाहिलं. ते मला ओळखीचं वाटलं. डीचा आकार तोच, पेनल्टी कॉर्नरला खेळाडू उभे राहायचे ते तसेच. मला ते सगळं आवाजाने शिकवलं होतं.

काकांचा मुलगा माझ्या बरोबरीचा. बापाचा मुद्दा त्याने पुढे चालवला. १९८७ साली त्यांच्या वाटणीच्या घरात टीव्ही आला. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर रिलायन्स कपचा, म्हणजे क्रिकेट विश्वचषकाचा, उपांत्य सामना, भारत विरुद्ध इंग्लंड. अर्धी गल्ली त्यांच्या ओसरीत. ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ केले, इंग्लंडच्या २५४ झाल्या. गावसकर चार धावांवर गेला (तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला, तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हतं). कपिल ३० वर हेमिंग्जला उंच मारायला गेला आणि गॅटिंगने झेल घेतला. अझर खेळत होता तोवर आशा होती. आणि लाइन गेली.

सगळे पडद्याकडे बघत बसले. मी घरी पळालो, आबांना म्हटलं, रेडिओ द्या. आबा स्वतः उठून आले. बारा वर्षांनी त्यांनी तो ट्रान्झिस्टर चारचौघांत, तेही काकांच्या ओसरीत, मांडीवर घेतला आणि सुई फिरवली. समालोचन सापडलं. ५ बाद २०४ होत्या, २१९ वर सगळे बाद. पंधरा धावांत पाच गडी. हरलो, पण गल्लीतला एकही माणूस उठून गेला नाही, आणि काका आबांच्या शेजारी बसून ऐकत होते. चुलतभाऊ आजही म्हणतो की त्या दिवसाचा या वादाशी काही संबंध नाही. संबंध आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. जळगाव केंद्र मध्यम लहरीवर ९६३ किलोहर्ट्झला, म्हणजे तबकडीवर १००० च्या थोडं अलीकडे. इंदूर ६४८. दिवसा जवळची केंद्रं लागतात. दूरची अंधार पडल्यावर शोधा, कारण रात्री मध्यम लहरी आकाशातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून परत फिरून लांब पोहोचतात. सेटच्या आत फेराइटची आडवी कांडी असते, तीच त्याची अँटेना, त्यामुळे सेट हळूहळू गोल फिरवून पाहा, एका दिशेला आवाज एकदम भरून येतो. एफएम त्यात नसेलच. असतं तरी एफएमचा आवाका साधारण ४०-५० किलोमीटर, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना त्याहून कमी.

एफएमवरून एक बोलतोच. जळगाव केंद्र आलं तेव्हा पहिल्यांदा आपल्या केळी-कापसाचे भाव, अहिराणी गाणी आणि आपल्यासारखं बोलणारी माणसं रेडिओवर आली. गावात लोक केंद्राला पत्रं लिहायचे आणि नाव वाचून दाखवलं की आठवडाभर सांगत फिरायचे. नंतर खासगी एफएम आलं, चोवीस तास गाणी आणि गप्पा. वाईट काही नाही, माझी नात ऐकते. पण २०११ च्या धोरणाने खासगी एफएमला स्थानिक खेळांचं थेट समालोचन करायची मुभा दिली, आणि खानदेशात मी ते आजवर एकदाही ऐकलेलं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. आपल्या मातीतला मल्ल! त्या कुस्त्या अहिराणीत कुणी सांगितल्या असत्या, पट कसा काढला, पकड कुठे सुटली, तर शेतात काम करणाऱ्या माणसाने हातातलं खुरपं खाली ठेवलं असतं. आम्हाला निकाल कळला तो मोबाइलवरच्या एका ओळीत. दिसणं वाढलं, पण सांगणारा माणूस गेला. माझं दुखणं हे आहे.

चुलतभाऊ म्हणतो, न्यूज ऑन एअर या आकाशवाणीच्या ॲपवर सगळी केंद्रं लागतात, सेट कशाला हवा. लागतात हे खरं. पण त्याला रेंज लागते, आवाज काही सेकंद मागून येतो, आणि मळ्यात फोन निंबाला टांगून कुणी ठेवत नाही.

दुरुस्ती फार नसते. जुने सेल आत फुटले असतील तर स्प्रिंगा हिरव्या झालेल्या दिसतील, त्या बारीक पॉलिश पेपरने घासा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या भागांसाठीचा फवारा) मारून दहा-वीस वेळा फिरवा. डायलचा दोरा तुटला असेल तर ते काम कारागिराचंच, स्वतः उघडू नका. आवाज अगदी बारीक येत असेल तर कंडेन्सर सुकलेले असतात, तेही स्वस्तात बदलून मिळतात.

एक सांगायचं राहिलं. गेल्या काही वर्षांत देशातली बरीच मध्यम लहर प्रक्षेपणं बंद झाली आहेत, त्यामुळे खर्च करण्याआधी दुसऱ्या कुणाच्या चालू सेटवर तुमच्या गावात काय लागतं ते बघून घ्या. आणि तुमचे वडील हयात असतील तर दुरुस्ती झाल्यावर सुई त्यांनाच फिरवू द्या. आबांचा सेट माझ्याकडे आहे, कव्हर फाटलंय, पण ते गेल्यापासून मी त्याची सुई हलवलेली नाही.

ऐकायला बसताना घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद ठेवा. जवळ विहीर असेल तर मोटरही.