संथपणे फुलणारे प्रेम कथेत रेंगाळू न देता कसे लिहावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमची कादंबरी १८ प्रकरणांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेली शिक्षिका आणि त्याच गावातील एक तरुण शेतकरी यांची ती गोष्ट आहे. तिसऱ्या प्रकरणात ते दोघे पावसात एका छत्रीखाली चालतात, सोळाव्यात प्रेमाची कबुली देतात, आणि मधली पाने तुमच्या मैत्रिणीने नुसती चाळली. प्रेम हळूहळू फुलावे पण कथा रेंगाळू नये यासाठी काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो आणि बरीच वर्षे कथा लिहीत आलो आहे. तुमच्या कथेचे गावही विदर्भातलेच असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते अडचण मधल्या बारा प्रकरणांत नसून तिसऱ्या प्रकरणात आहे. एका छत्रीखाली चालणाऱ्या, एकमेकांचा खांदा भिजू नये म्हणून छत्री कलती करणाऱ्या दोन माणसांना पाहिले की वाचकाला सारे कळून चुकते. ‘यांचे प्रेम जमेल का’ हा प्रश्न तिथेच संपतो आणि त्याच्या जागी दुसरा प्रश्न उभा राहिला नाही, तर पुढची पाने म्हणजे केवळ ताटकळणे होते. संथ कथा आणि रेंगाळणारी कथा यांतला फरक मी एका साध्या कसोटीने ओळखतो. पाचवे आणि नववे प्रकरण यांची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडले नाही, तर त्या दोघांमध्ये दरम्यानच्या काळात काही घडलेलेच नाही. प्रत्येक भेटीने एखादी लहानशी गोष्ट अशी बदलावी लागते की ती पुन्हा पूर्ववत करता येणार नाही. बदल कितीही लहान असला तरी चालतो, पण तो व्हायला हवा.

माझ्या पहिल्या दीर्घकथेत मी हेच विसरलो होतो. हस्तलिखित मी आमच्या वहिनींना वाचून दाखवले, तेव्हा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारले, “रोज तं भेटते थे दोघं, मंग बोलत काऊन नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण माझ्या पात्रांकडेही ते नव्हते. मी लिहितो आहे आणि मला अजून साठ पाने भरायची आहेत, एवढ्याच कारणासाठी ती दोघे गप्प होती. तेव्हापासून लिहायला बसण्यापूर्वी मी दोघांच्याही न बोलण्याचे कारण वेगवेगळे लिहून काढतो, आणि ते कारण एका वाक्याच्या खुलाशाने दूर होणारे असेल तर सरळ खोडून टाकतो. गैरसमजावर बारा प्रकरणे उभी राहत नाहीत. खेड्यात खरी कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही: धाकट्या बहिणीचे लग्न अजून व्हायचे आहे, जात वेगळी आहे, वावरावर कर्ज आहे. तुमच्या नायिकेला तर गावात भाड्याने खोली देणाऱ्या घराचा मान सांभाळायचा आहे, आणि तिच्या वागण्यावरून उद्या गावातले लोक मुलींना शाळेत पाठवतील की नाही हेही ठरणार आहे. शिवाय शिक्षिकेच्या मागे बदलीचे घड्याळ असतेच. ते वाचकाला सुरुवातीलाच ऐकू आले, तर पुढच्या संथपणाला आपोआप ताण येतो.

आपल्या काव्यशास्त्राने हा विचार फार पूर्वी केला आहे. १४ व्या शतकातील साहित्यदर्पणकार विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातल्या प्रेमाचे, पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले आहेत. मीलनापूर्वीच्या ओढीला म्हणजे पूर्वरागाला तिथे स्वतंत्र स्थान आहे, ती केवळ मीलनापर्यंत पोहोचण्याची वाट मानलेली नाही. तुमची जवळजवळ सगळी कादंबरी पूर्वरागाची आहे आणि बदलीच्या रूपाने प्रवासही, म्हणजे दूर जाण्याने येणारा विरहही, तुमच्या हाताशी आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत अधिक सांगायचे आहे तिच्याकडे येतो. मराठीत लिहिणाऱ्याजवळ या कामासाठी एक फार नाजूक साधन आहे, ते म्हणजे एकमेकांना हाक मारण्याची पद्धत. विदर्भात पुरुषाला ‘भाऊ’ म्हणूनच बोलावतात. दुकानदार भाऊ, कंडक्टर भाऊ, शेजारचा शेतकरीही भाऊ. तुमची शिक्षिका नायकाला पहिल्या भेटीत ‘भाऊ, शाळेची किल्ली कोणाकडे असते?’ असेच विचारेल, आणि तो तिला ‘मॅडम’ म्हणेल. यात कोणालाही काही वावगे वाटणार नाही. पण सातव्या-आठव्या प्रकरणात केव्हातरी ती त्याच्याशी बोलताना ‘भाऊ’ हा शब्द टाळू लागेल. दुसरा कोणताही शब्द तिच्याजवळ नाही, त्याचे नाव घेणे शक्य नाही, म्हणून ती संबोधनाशिवायच वाक्य सुरू करेल: ‘ऐकलं का, उद्या पालकसभा आहे.’ लेखकाने याबद्दल एक अक्षरही बोलू नये. ज्या वाचकाने आधीच्या प्रकरणांत ‘भाऊ’ ऐकले आहे, त्याला ती रिकामी जागा बरोबर जाणवते. त्या दिवशी रात्री नायकाला झोप आली नाही असे लिहायचा मोह होईल, तोही आवरावा.

यानंतरची पायरी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यामधली आहे. ‘आम्ही तूर काढतो आहोत’ यात ती नाही. ‘आपली तूर यंदा बरी आहे’ यात ती आली. त्याच्या तोंडून अनवधानाने ‘आपली’ निघून जाते, दोघांनाही ते ऐकू येते आणि दोघेही ते ऐकू न आल्यासारखे वागतात, एवढ्यावर एक संपूर्ण प्रकरण उभे राहू शकते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे ही तर सर्वांत मोठी उडी आहे, ती कबुलीच्या आधी खर्च करू नये, आणि दोघांनी ती एकाच वेळी मारूही नये. आमच्याकडच्या अनेक घरांत लग्नानंतरही बाई नवऱ्याला ‘तुम्ही’च म्हणते, त्यामुळे तुमच्या नायिकेने कुठे थांबायचे हे तिच्या स्वभावावरून ठरवावे.

संबोधनाइतकेच काम एकत्र केलेले श्रम करतात. खेड्यात एकांत दुर्मीळ असतो, दोघांना भेटायला चारचौघांसमोर दिसेल असे रास्त कारण लागते, आणि ते कारण शेतीच्या हंगामात सापडते. आमच्या कोरडवाहू भागात जूनमध्ये मृगाच्या पावसावर कपाशी पेरली, तर पहिला वेचा, म्हणजे कापसाची पहिली वेचणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने दुसरा, आणि पौष-माघापर्यंत तिसरा. वेचणीच्या दिवसांत शाळेतील हजेरी कमी होते, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. समजा, गैरहजर मुलीला शोधत तुमची शिक्षिका पहिल्या वेच्याच्या वेळी त्याच्या वावरात येते. संध्याकाळ झालेली आहे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कापसाची मोजणी चालली आहे, वही धरणारा मुलगा निघून गेला आहे, आणि तो काट्यापाशी उभा राहून म्हणतो, “मॅडम, जरा लिहाल का?” तो वजन सांगतो, ती लिहिते. बाकी काही होत नाही.

दुसऱ्या वेच्याला ती न बोलावता येते. वहीला आता सुतळीने नवा पेन बांधलेला आहे. एका म्हाताऱ्या बाईचे गाठोडे काट्यावर येते. काटा साडेसतरा किलो दाखवतो आणि तो मोठ्याने “अठरा” म्हणतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे या अर्ध्या किलोचा अर्थ तिला कळतो. ती मान वर करून त्याच्याकडे बघते, तो काट्याकडेच पाहत राहतो, आणि ती वहीत अठरा लिहिते. आता दोघांमध्ये एक गुपित आहे, आणि त्याचा प्रेमाशी वरकरणी काही संबंध नाही.

तिसऱ्या वेच्याला पऱ्हाटीवर बोंडे थोडीच उरलेली असतात आणि मजूर बायाही मोजक्याच. तो तालुक्याला गेला आहे, काट्यापाशी त्याचा धाकटा भाऊ उभा आहे. म्हाताऱ्या बाईचे गाठोडे येते, भाऊ “साडेबारा” सांगतो, आणि ती वहीत तेरा लिहिते. रात्री तो वही उघडेल तेव्हा काय समजायचे ते समजेल. कबुली इथेच झाली आहे, शब्दांत ती सोळाव्या प्रकरणात येवो.

या तीन प्रसंगांची अदलाबदल करता येत नाही, आणि प्रत्येकाच्या मध्ये महिनाभराचे अंतर आहे. ते अंतर पानांनी भरू नये. एका परिच्छेदात निंदण, भुलाबाईची गाणी, कोजागिरी, थंडी असे काही येऊन गेले की पुरते. कपाशीला पेरणीपासून फुलायला साधारण दोन महिने लागतात, पण सकाळी पिवळसर पांढरे असलेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेले असते. कथेतही तयारीला वेळ लागावा आणि बदल मात्र एका क्षणात व्हावा, असे मला वाटते.

दोघांची चाल सारखी ठेवू नये. तुमच्या कथेत कोणी तरी एक पुढे असायला हवा, आणि माझ्या मते तो नायक नसून शिक्षिका असावी, कारण गमावण्यासारखे तिच्याजवळ अधिक आहे. मध्ये एकदा माघारही यावी: गावात कुणी तरी काही बोलते आणि ती पुन्हा ‘भाऊ’ म्हणू लागते. ही माघार पहिल्या प्रकरणापाशी नेऊन सोडणारी नसते, कारण आता तो शब्द उच्चारताना तिला किती जड जाते हे वाचकाला माहीत असते.

छत्रीचा प्रसंग काढून टाकू नका, तो तिसऱ्यातून अकराव्यात न्या, तुरीच्या शेंगा भरताना येणाऱ्या अवकाळी पावसात. तिथे तो फार वेगळा वाचला जाईल. त्यामुळे तिसरे प्रकरण रिकामे होईल, त्यात किल्लीचा प्रसंग पुरे. बदलीची बातमी चौदाव्यात द्या. कबुली सोळाव्यातच असू द्या, पण ती आखूड ठेवा. इतके सारे घडून गेल्यावर लांबलचक संवाद वाचकाला नको असतात. शेवटची दोन प्रकरणे तुम्ही लग्नाच्या वर्णनाला दिली आहेत, ती मी वेगळ्या रीतीने वापरली असती. इतकी वाट पाहिलेल्या वाचकाला ती दोघे एकत्र असताना कशी वागतात हे पाहायचे असते: चार माणसांसमोर तो तिला अजून ‘मॅडम’च म्हणतो का, घरी आधी कोणी आणि कोणाजवळ सांगायचे, बदलीच्या गावी जायला एस.टी. किती वाजता सुटते आणि तो तिला थांब्यापर्यंत पोहोचवायला उघडपणे येतो की नाही.