रिचार्ज स्वस्त करून रेंज येत नाही

तुम्ही विचारलंय की पणजीत रोजचा दीड-दोन जीबी डेटा एवढा स्वस्त पडतो, मग फोन-इंटरनेटची हमी सरकारने का घ्यायची, आणि अनुदान माझ्या करातून कशाला? मी तीसेक वर्षं टेलिफोनच्या लाईनवर काढली, भर पावसात खांबावर चढून जॉइंट सोडवले. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पैशाचं बोलू. ते तुम्ही देताच आहात. १ एप्रिल २००२ पासून टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी, म्हणजे आडगावांतही फोन पोचावा म्हणून, कापले जातात, आणि कंपनी ते शेवटी आपल्याच रिचार्जमधून काढते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. तेव्हा द्यायचं की नाही हा वाद जुना झाला. आता ते पैसे कुठे जिरतात तेवढं विचारा.

माझी मावशी सत्तरी तालुक्यात राहते, चोर्ला घाटाच्या पायथ्याला, अठरा-वीस घरांच्या वाड्यावर. तिचा साधा बटणांचा फोन पडवीच्या वाशाला दुधाच्या पिशवीत बांधून लोंबकळत असतो, कारण घरात फक्त त्याच कोपऱ्यात दोन काड्या येतात. पिशवी पावळीच्या पाण्यासाठी. फोन वाजला की ती वाशाखाली उभी राहून, मान वर करून बोलते, नाहीतर आवाज तुटतो. सिलिंडरवाला पोरगा आला की कोड मागतो. मेसेज आलेला नसेल तर तो टाकी परत गाडीत चढवतो. दयानंद योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचे, पैसे जमा झाल्याचंही त्याच फोनवर कळतं. आणि ती इंटरनेट वापरत नाही, पण नंबर चालू ठेवायला डेटावाला पॅक मारावा लागत होता. नाही मारला तर थोड्या दिवसांनी इनकमिंगही बंद.

यावर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर ठेवा, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. चांगलं केलं. पण किंमत कंपनीनेच ठरवायची. मला विचाराल तर अनुदानाची जागा इथे आहे. मावशीसारख्यांना वर्षभर नंबर जिवंत राहील, इनकमिंग, एसएमएस आणि थोडे कॉल मिळतील, एवढं पुरे. बाकीच्यांनी आपापले सिनेमे आपापल्या पैशाने बघावेत. सरसकट फुकट डेटाच्या मी विरोधात आहे. त्याचा निम्मा फायदा पर्वरीच्या फ्लॅटवाल्यांनाच होणार.

पण खरं दुखणं रिचार्जचं नाहीच. मागच्या श्रावणात वाड्यावर लाईट गेली. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो, आणि बॅटरी जुनी असली की तासाभरात मान टाकतो. जनरेटर असला तरी डिझेल घेऊन माणूस वर चढायला हवा. त्या रात्री शेजारच्यांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ लागेना. शेवटी त्यांचा मुलगा स्कूटरवरून अंधारात घाटाच्या वळणापर्यंत गेला, तिथे रेंज मिळाली. माणूस वाचला. पण त्या घरात तेव्हा तीन फोन होते आणि तिन्हींत रिचार्ज होता.

हमी म्हणजे काय, ते मी यावरून मोजतो. लाईट गेल्यावर टॉवर किती तास चालला पाहिजे, नाही चालला तर दंड कोणाला, हे कागदावर हवं. वीस घरांसाठी कंपनी स्वतःहून येत नाही, त्यात तिचा दोषही नाही, तिचा हिशेबच बसत नाही. कदंबची, म्हणजे आपल्या सरकारी एसटीची, शेवटची बस चार माणसं घेऊन आत गावात जाते, ती काय नफ्यासाठी जाते का? तिकीट मात्र सगळे काढतात. तसंच हे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत ४जी न्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले. रक्कम मोठी आहे, पण यादी गावांची आहे. गोव्यात गाव म्हणजे देवळाजवळचा एक वाडा आणि मग डोंगराआड पसरलेले पाच-सहा. देवळापाशी रेंज आली की गाव 'कव्हर' झालं. त्यात टेलिकॉमच्या हिशेबात आपण महाराष्ट्र सर्कलमध्ये, आपल्या वाड्यांची तिथे कोण मोजदाद करणार? २०२० मध्ये सांगे-सत्तरीची मुलं ऑनलाईन वर्गासाठी डोंगर चढत होती, ती अशाच वाड्यांवरची.

एक चांगली गोष्ट : जानेवारी २०२५ पासून या निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिमही चालावं अशी सोय सुरू झाली. हे दहा वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

आणि हो, आपलंही थोडं चुकतं. त्याच ग्रामसभेत टॉवरला विरोधाचा ठराव होतो आणि चहा पिताना रेंज नसल्याची तक्रार. मावशीच्या गावी टॉवरची जागा दोनदा बदलली, शेवटी तो अशा जागी बसला की मधली टेकडी अर्धा सिग्नल खाते. पुढच्या ग्रामसभेत मी वाडेवार रेंज मोजून नेणार आहे. तुमच्या पंचायतीत कोणी असं मोजलं असेल तर कुठल्या ॲपवर आणि कसं, ते इथे लिहा.